मेघनाद देसाई: मतं न मागता खरं बोलणं, हे धाडस की चैन?

नाक्यावरचा

जुलै 2025 मध्ये मेघनाद देसाई गेले. वय 85. त्यांच्यावर जे लेख आले त्यातले बरेचसे ‘थोर अर्थतज्ज्ञ’ आणि ‘लॉर्ड’ या दोन शब्दांपुढे सरकलेच नाहीत. आमच्या रुईया कॉलेजचे, म्हणून मला जरा जास्तच आपुलकी. तेव्हा धागा काढतोय, फटके खायची तयारी आहे.

आधी एक खुलासा. आडनाव पाहून कोकणातले समजू नका, बडोद्यात जन्मलेले गुजराती. रुईयातून बी.ए., मुंबई विद्यापीठातून एम.ए., 1960 साली शिष्यवृत्तीवर पेनसिल्व्हेनियाला आणि 1963 मध्ये पीएच.डी. पदरात. म्हणजे जेमतेम तेविशी. दोन वर्षं बर्कलीत काढून 1965 साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये (पुढे नुसतं एलएसई म्हणतो) लागले ते 2003 पर्यंत तिथेच. मधे 1971 ला ब्रिटनच्या लेबर पक्षाचं सभासदत्व घेतलं, 1983 ला प्राध्यापक झाले, 1991 ला हाउस ऑफ लॉर्ड्स (ब्रिटिश संसदेचं वरचं सभागृह, तिथे निवडून यावं लागत नाही).

मला बोलायचंय ते 1993 सालाबद्दल. त्या वर्षी कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारने घरगुती गॅस-विजेवर व्हॅट लावायचं ठरवलं. 1994 च्या एप्रिलपासून 8 टक्के आणि वर्षभराने साडेसतरा. थंडीत कुडकुडणाऱ्या म्हाताऱ्यांच्या हीटरवर कर! विरोधी बाकांवरच्या लेबरला याहून चांगला मुद्दा कुठला मिळणार? पक्ष रस्त्यावर उतरलेला. आणि नेमक्या त्याच वर्षी, लॉर्ड्समध्ये पक्षाच्या वतीने अर्थखात्यावर बोलायची जबाबदारी असलेले देसाई जाहीरपणे म्हणाले, की व्हॅटची व्याप्ती वाढवायला हवी. पक्षनेते जॉन स्मिथ यांनी त्यांना प्रवक्तेपदावरून काढलं.

अर्थशास्त्राच्या वर्गात हे विधान कुणालाच खटकणार नाही. ब्रिटनमध्ये बहुतेक खाद्यपदार्थ, लहान मुलांचे कपडे, पुस्तकं यांवर व्हॅटचा दर शून्य. पण खाण्यापिण्यावर श्रीमंत माणूस गरिबापेक्षा कितीतरी जास्त पौंड उडवतो, त्यामुळे या सवलतीतले जास्त पौंडही त्याच्याच खिशात जातात. त्यापेक्षा सगळ्यावर कर लावा आणि आलेल्या पैशातून गरिबांच्या हातात रोख द्या. वर्गात टाळ्या, पक्षात हकालपट्टी.

माझं म्हणणं असं की त्यांच्या राजकीय कारकिर्दीतली ही सगळ्यात चांगली गोष्ट होती. प्राध्यापक राजकारणात हवा तो याचसाठी. पक्षाला सोयीचं बोलणारे तर पैशाला पासरी मिळतात.

हिशेबनीस

असहमत, आणि तेही पूर्णपणे.

काढलं म्हणजे त्यांचं गेलं काय? 1958 च्या कायद्याने नेमलेला लॉर्ड तहहयात लॉर्ड असतो. प्रवक्तेपद गेलं, बाक शाबूत. प्राध्यापकी शाबूत, पगार चालू. जिथे पडलं तरी खरचटत नाही तिथून उडी मारणाऱ्याला आपण धाडसी म्हणत नाही. सत्तर हजार मतदारांसमोर दर चार-पाच वर्षांनी हात जोडणाऱ्या खासदाराने ‘तुमच्या मुलांच्या बुटांवर कर लावा’ म्हणून दाखवावं, मग मी मुंबईहून टोपी काढतो.

दुसरं, पक्ष बरोबर होता. डिसेंबर 1994 मध्ये ती साडेसतराची वाढ हाउस ऑफ कॉमन्सने, म्हणजे निवडून आलेल्यांच्या सभागृहाने, हाणून पाडली, सरकार हरलं. 1997 ला लेबर सत्तेत आल्यावर इंधनावरचा व्हॅट 5 टक्क्यांवर आणला. ज्या पेन्शनरचं बिल कमी झालं तिला प्राध्यापकांच्या ‘रोख हातात द्या’ या अर्ध्या वाक्याचा काय उपयोग होता? कर लगेच लागतो हो, रोख मागाहून येते. कधी कधी येतच नाही. मी रोज लोकांची जीएसटीची विवरणपत्रं भरतो, मला विचारा.

आणि गंमत बघा. 1911 च्या पार्लमेंट ॲक्टपासून लॉर्ड्सना अर्थविधेयक अडवता येत नाही. म्हणजे अर्थतज्ज्ञाला नेमका अशा सभागृहात बसवला जिथे तिजोरीला हात लावायची सोय नाही. चांगल्या आचाऱ्याला पंगतीत वाढायला उभं करण्यासारखं.

चहाटळ

प्राध्यापक राजकारणात गेला की विद्यार्थी सुटतात, मतदार अडकतात. हे तर लॉर्ड्समध्ये गेले, म्हणजे मतदारही सुटले. सर्वांचं भलं झालं, धागा बंद करा.

मास्तर

मी 31 वर्षं कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं, त्यामुळे माझी तक्रार हिशेबनीसांपेक्षा वेगळी आहे. राजकारणाला त्यांचा उपयोग झाला की नाही ते राजकारणवाले बघतील. अर्थशास्त्राचं काय झालं ते मी सांगतो.

एलएसई म्हणजे हायेक आणि रॉबिन्स या खुल्या बाजारवाल्यांचं घर. तिथे बसून या माणसाने 1974 साली मार्क्सच्या अर्थशास्त्रावर पुस्तक लिहिलं, 1976 ला उपयोजित अर्थमितीवर (सिद्धांत आकड्यांवर तपासायचं शास्त्र). मार्क्स वाचलेल्यांना बहुधा आकडेमोड येत नाही आणि आकडेमोडवाल्यांनी मार्क्स उघडलेला नसतो. दोन्ही येणारा माणूस दुर्मीळ. मग 1979 ला थॅचरबाई आल्या. पैशाचा पुरवठा आवळा म्हणजे महागाई आपोआप खाली येईल, असा फ्रीडमन यांचा सिद्धांत सरकारी धोरण झाला. 1981 मध्ये देसाईंनी त्या सिद्धांताची अर्थमितीच्या साधनांनी चिकित्सा करणारं अख्खं पुस्तकच लिहिलं. घोषणा नाही, शिव्या नाहीत. ‘तुम्ही म्हणता ते आकड्यांत दिसतं का, बघू’ एवढंच. 1982 उजाडलं तेव्हा ब्रिटनमधली बेकारी 30 लाखांवर गेली होती.

फिलिप्स वक्रावरचा (बेकारी आणि महागाई यांचं नातं दाखवणारी रेषा) त्यांचा 1975 चा लेखही असाच. स्वतः फिलिप्स 1967 पर्यंत एलएसईत होते. त्यांनी जे म्हटलं होतं आणि पाठ्यपुस्तकांनी त्याचं जे केलं, त्यात किती फरक आहे हे देसाईंनी उकलून दाखवलं. मी तो लेख चाळिशीत वाचला आणि दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर तो वक्र काढताना हात अडखळला. इतकी वर्षं पोरांना अर्धवट शिकवत होतो.

1991 मध्ये हा माणूस 51 वर्षांचा होता. त्यानंतर अशा जातीचं काम मला तरी सापडत नाही. भाषणं, स्तंभलेखन, परिसंवाद, आणि 2004 मध्ये चक्क दिलीपकुमारवर पुस्तक. (ते मी आवडीने वाचलं, ती गोष्ट वेगळी.)

नाक्यावरचा

मास्तर, आदर राखून म्हणतो, हा हिशेब चुकतोय. 1990 साली महबूब उल हक यांनी संयुक्त राष्ट्रांसाठी मानव विकास निर्देशांक तयार केला, त्या सल्लागार मंडळीत अमर्त्य सेन यांच्यासोबत देसाई होते. नुसतं दरडोई उत्पन्न न बघता माणूस किती जगतो आणि किती शिकतो हेही मोजायचं, ही कल्पना आज शाळेच्या पुस्तकात आहे. 1992 ला एलएसईत जागतिक कारभाराच्या अभ्यासाचं केंद्र त्यांनी उभं केलं, म्हणजे लॉर्ड झाल्यानंतर. आणि 2002 चं ‘मार्क्सेस रिव्हेंज’? भांडवलशाहीची सगळी ताकद वापरून संपल्याशिवाय समाजवाद यायचा नाही, हे खुद्द मार्क्सचंच म्हणणं होतं, तेव्हा आज तो असता तर जागतिकीकरणाच्या बाजूने उभा राहिला असता, अशी मांडणी. लेबरच्या सभासदाने हे लिहावं! डावे चिडले, उजवे गोंधळले.

मास्तर

1990 हे 1991 च्या आधी येतं. :) तुमचा पहिला दाखला माझ्याच खात्यात जमा करा.

2002 चं पुस्तक वाचनीय आहे, पण ते विचारांच्या इतिहासाचं पुस्तक आहे. मी हत्यारांबद्दल बोलतोय. सुताराने फर्निचरवर व्याख्यानं द्यायला सुरुवात केली की त्याचा रंधा गंजतो.

रेवा

अवांतर: लॉर्ड होताना नावापुढे एक ठिकाण लावतात. यांनी घेतलं सेंट क्लेमेंट डेन्स. स्ट्रँडवर, वाहत्या रस्त्याच्या मधोमध उभं असलेलं चर्च आहे ते, एलएसईपासून चालत दोन-तीन मिनिटांवर. देसाई पक्के नास्तिक, तिकडच्या नॅशनल सेक्युलर सोसायटीचे मानद सहयोगी. उपाधीत मात्र चर्च. जन्मभर विचारणाऱ्यांना उत्तर देण्यात मजा आली असेल त्यांना.

आता विषयावर. हिशेबनीसांच्या मुद्द्याला मला एक उदाहरण जोडायचंय आणि ते आपल्या मुंबईतलंच आहे. दादाभाई नौरोजी. एल्फिन्स्टनमध्ये गणिताचे प्राध्यापक, त्या हुद्द्यावर बसलेले पहिले हिंदी गृहस्थ. पुढे लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेजात गुजराती शिकवलं. 1886 ला होबर्नमधून उभे राहिले, पडले. त्यावर 1888 मध्ये खुद्द पंतप्रधान सॉल्सबरी भाषणात म्हणाले, की इंग्रज मतदारसंघ अजून काळ्या माणसाला निवडून देण्याइतका पुढारलेला नाही. 1892 ला दादाभाई सेंट्रल फिन्सबरीतून निवडून आले, हाताच्या बोटांवर मोजता येईल इतक्या मतांनी. आणि तिथे बसून त्यांनी मतदारांना गोड वाटेल तेवढंच बोललं का? 1893 मध्ये आयसीएसची परीक्षा इंग्लंडबरोबरच हिंदुस्थानातही घ्या, असा ठराव कॉमन्समध्ये मंजूर झाला, त्यामागे त्यांची खटपट होती. सरकारने तो ठराव गुंडाळून ठेवला, पण सभागृहाकडून मंजूर तर करून घेतला. फिन्सबरीतल्या घड्याळ दुरुस्त करणाऱ्याला आयसीएसचं काय पडलं होतं? तरी बोलले.

म्हणजे मतं मागूनही खरं बोलता येतं. देसाईंच्या प्रसंगापेक्षा मला हे मोठं वाटतं.

हिशेबनीस

रेवाताई, हेच! माझे टायपिंगचे कष्ट वाचवलेत.

नाक्यावरचा

आणि 1895 ला दादाभाई पडले, ते कोण सांगणार? तीन वर्षांत खेळ खलास. हिंदुस्थानच्या आर्थिक लुटीचा मुद्दा ज्या वेल्बी कमिशनपुढे (हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणारं) नीट मांडला गेला त्याचं काम चाललं ते त्यानंतर; दादाभाई त्यात सदस्य म्हणून बसले, आपले गोखले 1897 ला पुण्याहून जाऊन साक्ष देऊन आले. (गोखलेही फर्ग्युसनचे गणिताचे मास्तर, हा योगायोग मला फार आवडतो.) ते काम दादाभाईंनी मतदारांच्या जिवावर केलं नाही, पडल्यानंतरही केलं. तेव्हा ‘निवडून आला तोच खरा’ ही मोजपट्टी दादाभाईंनाच लावून बघा.

स्लाउकर

इतका वेळ वाचत होतो, पण आता राहवत नाही. मी 12 वर्षं इंग्लंडात आहे आणि इथल्या लेबरचा साधा सभासद आहे. तुम्ही सगळे एक गोष्ट विसरताय. लॉर्ड व्हायच्या आधीपासून, 1986 ते 1992, देसाई इझलिंग्टन साउथ अँड फिन्सबरी मतदारसंघात पक्षाचे अध्यक्ष होते. हो रेवाताई, दादाभाईंचं जुनं फिन्सबरी आज त्याच मतदारसंघात येतं.

मतदारसंघाचा अध्यक्ष म्हणजे आपल्याकडचा गाडीतून फिरणारा तालुकाध्यक्ष नव्हे. महिन्याची सभा, एखाद्या कम्युनिटी हॉलमध्ये, हीटर बिघडलेला. पंचवीस माणसं आणि चाळीस ठराव. त्यातले निम्मे परराष्ट्र धोरणावर, कारण गल्लीतल्या कचऱ्यावर ठराव मांडणं कुणाला भूषणाचं वाटत नाही. अध्यक्षाने सगळ्यांचं ऐकायचं, वेळ पाळायची, भांडणं सोडवायची आणि शेवटी खुर्च्या उचलायला हात लावायचा. त्यात ते 80 चं दशक, इझलिंग्टनच्या टाउन हॉलवर लाल झेंडा लावणारी मंडळी कौन्सिलात, आणि पक्ष डावे-उजवे म्हणून उभा फाटलेला.

आणि मतं मागणं म्हणाल तर ऐका. तिथले आधीचे खासदार लेबर सोडून सोशल डेमोक्रॅट झाले होते. 1983 ला क्रिस स्मिथ यांनी ती जागा लेबरसाठी 363 मतांनी जिंकली. 1987 ला, देसाई अध्यक्ष असताना, 805 मतांनी. 805! म्हणजे प्रत्येक जिना चढावा लागला असणार. मी स्लाउमध्ये पत्रकं वाटतो म्हणून सांगतो. इथल्या दारांच्या टपालफटीत आतून ब्रश लावलेला असतो, पत्रक दुमडतं, आत जातच नाही. बोटं घालून ढकललं की पलीकडे कुत्रं. म्हणून आम्ही सोबत स्वयंपाकघरातलं लाकडी उलथनं ठेवतो आणि त्याने पत्रक आत सारतो. माझं उलथनं बायकोने माहेरून आणलेलं, थालीपिठाचं, त्यावर तीन ठिकाणी दातांच्या खुणा आहेत.

एलएसईच्या प्राध्यापकाने ही सहा वर्षं काढली. त्याला मतदार ठाऊक नव्हता असं म्हणू नका.

हिशेबनीस

805 चा मुद्दा मान्य. हे मला माहीत नव्हतं. ‘मतदारांचं तोंड पाहिलं नाही’ असा माझ्या लिहिण्याचा सूर होता, तो मागे घेतो.

पण मग माझा प्रश्न उलट कडक होतो. ज्याने 805 मतांची किंमत स्वतः मोजली, त्याला 1993 मध्ये आपल्या एका वाक्याने खालच्या कार्यकर्त्यांची किती पंचाईत होईल हे कळत नव्हतं? स्लाउकर, तुम्ही उलथनं घेऊन दाराशी उभे आणि आतल्या आजीबाई म्हणाल्या, ‘तुमचा लॉर्ड तर ब्रेडवरही कर लावा म्हणतोय’, तर काय कराल?

स्लाउकर

पत्रक दुमडून खिशात घालीन आणि मनातल्या मनात त्या लॉर्डला कोल्हापुरी शिव्या देईन. खरं सांगायचं तर तेच. त्यामुळे जॉन स्मिथ यांनी काढलं ते बरोबर केलं असं माझंही मत आहे. देसाई बोलले तेही बरोबर आणि काढले तेही बरोबर. या दोन्हीत मला विरोध दिसत नाही.

वाचनवेडा

हॅरल्ड लास्कींचं नाव अजून कसं आलं नाही? तेही एलएसईचे प्राध्यापक, कृष्ण मेननांचे गुरू. 1945 ला लेबर प्रचंड बहुमताने आला तेव्हा हे पक्षाचे अध्यक्ष. परराष्ट्र धोरणावर इतकं बोलायला लागले की पंतप्रधान ॲटली यांनी ऑगस्टमध्ये पत्र धाडलं: तुम्ही काही काळ मौन पाळलंत तर ते स्वागतार्ह ठरेल. इंग्रजी सभ्यतेत याहून जास्त जोरात थोबाडीत मारता येत नाही.

देसाईही त्याच पंथातले. 2008 मध्ये स्वतःच्याच पक्षाचे पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांच्याबद्दल म्हणाले होते, की टोनी ब्लेअर किती चांगले होते याची लोकांना आठवण करून देण्यासाठी यांना पृथ्वीवर पाठवलंय. चटकदार आहे, मीही हसलो. पण यात अर्थशास्त्र कुठे आहे? 1993 चं बोलणं निदान विषयाला धरून होतं. हे म्हणजे रुईया नाक्यावरचा टोमणा.

नाक्यावरचा

नाक्याला नावं ठेवायची नाहीत.

पण हा वार बसला, मान्य करतो. त्यांना टाळी घेणारं वाक्य सुचलं की आवरत नसे. तो पिंजारलेला पांढरा केशसंभार आणि डोळ्यांतली चमक बघूनच कळायचं की आता काहीतरी येणार.

तरी एक प्रसंग राहिला आणि तिथे ‘फुकटचं धाडस’ म्हणता येणार नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर 2020. ज्यूद्वेषाच्या तक्रारी पक्षाने कशा हाताळल्या यावर समानता आयोगाचा अहवाल आला. त्यावर पक्षाचे माजी नेते जेरेमी कॉर्बिन जे बोलले त्यासाठी त्यांना निलंबित केलं आणि तीन आठवड्यांच्या आत परत घेतलं. देसाईंनी राजीनामा दिला. 49 वर्षांचं सभासदत्व. वय 80. या वयात माणूस पक्ष बदलून काही मिळवत नसतो, फक्त जुने मित्र गमावतो. आणि कॉर्बिन यांचा मतदारसंघ कुठला? इझलिंग्टन नॉर्थ. लंडनच्या ज्या बरोमध्ये (महापालिका विभागात) सहा वर्षं खुर्च्या उचलल्या तिथलाच, लगतचा.

हिशेबनीस

याला मी धाडस म्हणेन. गमावण्यासारखं काही होतं म्हणून. 1993 ला मात्र नाहीच.

मास्तर

तुमचं दोघांचं जमत आलेलं दिसतंय, माझा मुद्दा वाऱ्यावर. पार्लमेंट स्क्वेअरमध्ये गांधीजींचा पुतळा उभारण्यासाठी त्यांनी ट्रस्ट काढला, पैसे जमवले आणि 14 मार्च 2015 ला तो उभा केला, चर्चिल यांच्याच चौकात. उत्तम काम, मला अभिमान आहे. पण त्यासाठी अर्थमितीचा प्राध्यापक कशाला लागतो? पैसे जमवणारे शंभर मिळतील. 1981 चं पुस्तक लिहिणारा एकच होता.

रेवा

मास्तर, पण 2008 च्या मंदीनंतर अर्थतज्ज्ञांना ती आधी का दिसली नाही, यावर 2015 मध्ये त्यांनीच पुस्तक लिहिलं ना? आपल्याच धंद्याची झाडाझडती. रंधा अगदीच गंजला नव्हता.

मास्तर

ते माझ्याकडे नाही. दादरला मिळालं तर बघतो आणि वाचून झाल्यावर इथेच लिहितो. तोवर मत राखून ठेवलंय, बदललेलं नाही.

चहाटळ

म्हणजे धागा वर्षभर चालणार.

स्लाउकर

चालू द्या, मी रजा घेतो. इथे रात्रीचे पावणेबारा झालेत आणि उद्या साडेनऊला दोन गल्ल्या वाटायच्या आहेत. त्यातल्या एकीत तो तपकिरी कुत्रा आहे.